आठवड्याला एक फोटो

मोबाइलमध्ये फोटो हजारो. पुन्हा पाहिलेले किती? म्हणून एक साधा नेम धरून पाहा: आठवड्याला एकच फोटो, वर्षाचे 52. जुन्नर-आंबेगावात विषयांना तोटा नाही. शिवनेरी, नाणेघाट सगळेच टिपतात. आपण टिपावं भीमाशंकरच्या रानात राज्यप्राणी शेकरूनं बांधलेलं काटक्या-पानांचं घरटं, अंगणात वाळत घातलेला हिरडा, कांद्याच्या गोणीवर टेकलेला हात, पहिल्या पावसानंतर हिरवा झालेला बांध. एकच झाड वर्षभर टिपलं, तर ऋतूंचा हिशेब आपोआप हाती येतो. पथ्यं मात्र पाळायची: घरट्याला हात लावायचा नाही, बिबट्याच्या मागे उसात शिरायचं नाही आणि माणसाचा फोटो त्याला विचारूनच काढायचा. येत्या रविवारी सुरुवात करा. पहिला फोटो स्वतःच्या अंगणातलाच असू द्या.