पोर परदेशी, पत्ता एजंटाच्या वहीत

मेडिकलला सरकारी कॉलेजात नंबर लागत नाही, खासगीची फी झेपत नाही; म्हणून रान गहाण टाकून मुला-मुलींना जॉर्जिया, किरगिझस्तान, रशियाला धाडणारी घरे आता खेड्यापाड्यांतही आहेत. निरोपाला भावकी जमते, हारतुरे होतात. पण पोर तिथे नेमके राहणार कुठे, असे बापाला विचारले तर उत्तर येते, ‘ते सगळं एजंटाला ठाऊक!’ अठरा-एकोणीस वर्षांचे लेकरू परमुलखात आणि त्याचा पत्ता एजंटाच्या वहीत, ही गोष्ट बरी नव्हे.

युक्रेनचा अनुभव फार जुना नाही. राहणे गरजेचे नसेल तर तात्पुरते देश सोडा, असे भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ ला कळवले होते. वर्ग बुडतील, तिकीट महाग आहे, म्हणून अनेक मुले थांबली. २४ तारखेला रशियाने हल्ला केला आणि विमाने बंद झाली. मुले तळघरांत अडकली, पायपीट करत पोलंड-रोमानियाच्या सीमेवर पोचली. खारकीव्हमध्ये १ मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. ‘ऑपरेशन गंगा’त सुमारे साडेबावीस हजार भारतीय परतले खरे; पण त्या धामधुमीत आपल्याकडच्या जिल्हा प्रशासनांना पालकांना आवाहन करून मुलांची नावे गोळा करावी लागली. तयार यादी नव्हती. पुढे मे २०२४ मध्ये किरगिझस्तानात बिश्केकला जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. तेव्हाही इथल्या आई-बापांचा जीव टांगणीलाच लागला.

युद्ध-दंगल थोपवणे आपल्या हाती नाही. तयारी मात्र आहे, आणि तिला फार खर्चही येत नाही. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र यांच्या झेरॉक्स घरी ठेवा. हॉस्टेलचा पत्ता, कॉलेजचा व दूतावासाचा फोन, सोबतच्या दोन मुलांचे आणि त्यांच्या घरचे नंबर एका कागदावर लिहा. एक प्रत घरी, एक पोराच्या खिशात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर विद्यार्थ्याची नोंद करा. विमा काढताना दवाखान्याचा खर्च किती मिळतो आणि युद्ध-दंगल त्यात धरली आहे का, हे विचारून घ्या. परतीच्या तिकिटाएवढी रक्कम बाजूला ठेवा; ती दुसऱ्या कशालाही मोडू नका. फोनचा वार-वेळ ठरवा. घरातल्यांनाच ठाऊक असा एखादा खुणेचा शब्दही ठरवा. ‘तुमचा मुलगा पोलिसांत सापडलाय, पैसे पाठवा’ असे खोटे फोन येतात, तेव्हा तोच कामी येतो.

आणि मुख्य म्हणजे, दूतावास ‘निघा’ म्हणाला की निघायचे, हे घरातून पाऊल बाहेर पडण्याआधीच ठरलेले असावे. बुडालेले वर्ष भरून काढता येते. ‘फी वाया जाईल’ या धाकाने पोर तिथेच थांबणार असेल, तर तो धाक आधी आई-बापांनीच काढला पाहिजे.

ग्रामपंचायतींनीही एक वही घालावी. गावातले कोण, कुठल्या देशात, कुठल्या शहरात, एवढेच तीत लिहावे आणि वर्षातून एकदा यादी तहसील कचेरीला द्यावी. त्यासाठी शासनाच्या जी.आर.ची वाट कशाला बघायची?

रान गहाण टाकताना आपण सातबारा चारचौघांकडून वाचून घेतो. पोर धाडताना त्याच्या पत्त्याचा कागद तरी स्वतःच्या हाताने लिहावा.