परसातला उकिरडा आणि गांडुळांची पेटी

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. पण या मित्राला घरी बोलावून जेवू घालणारे आपल्यात किती आहेत? भाजीची देठे, केळीच्या साली, चहाचा चोथा पिशवीत बांधून पालिकेच्या गाडीत टाकायचा किंवा परसाच्या कोपऱ्यात भिरकावायचा, आणि त्याच परसातल्या वांग्या-भेंडीसाठी खत विकत आणायचे, असा उफराटा व्यवहार घरोघर चालू आहे. आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्या दारी चार हात माती आहे, त्याने स्वयंपाकघरातला ओला कचरा दाराबाहेर जाऊ देऊ नये.

सुरतेला कचऱ्याची किंमत वेगळी सांगायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेग आला आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. १९९५ साली आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी महापालिकेला शिस्त लावली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळवला. याचे श्रेय पहाटे उठून झाडू हाती घेणाऱ्या कामगारांना आहे. पण गाडीत पडलेला कचरा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारापाशी जातो.

खेड्यात तर उघडा उकिरडा म्हणजे उंदरांना रोजची पंगत. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात भाताच्या व उसाच्या शेतात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून तो पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतो. घराभोवती उंदरांचे अन्न कमी करणे हे म्हणूनच औषधाइतके मोलाचे काम आहे.

पेटी करणे अवघड नाही. तळाला भोके पाडलेले टब किंवा लाकडी खोके विटांवर, सावलीत ठेवावे. खाली नारळाच्या शेंड्या किंवा उसाचे पाचट, त्यावर दहा-पंधरा दिवस निववलेले शेण पसरावे. ताजे शेण तापते आणि गांडुळे मरतात. शेतात खोल बिळे करणारी गांडुळे पेटीत टिकत नाहीत. खतासाठी आयसेनिया फेटिडा ही लाल जात घ्यावी. कृषी विज्ञान केंद्रात तिची चौकशी करावी. अर्धा किलो गांडुळांना सुरुवातीला रोज पावशेर कचरा पुरे. मांस, मासळी, तेलकट व खारट उष्टे आणि लिंबाच्या साली घालू नयेत. वर ओले गोणपाट आणि घट्ट जाळी असावी. मूठ दाबली तर एखाद-दुसरा थेंब यावा, एवढीच ओल ठेवावी. गांडूळ कातडीने श्वास घेते. पाणी साचले तर ते गुदमरते आणि कोरडे पडले तरी मरते. साधारण दोन महिन्यांत चहापत्तीसारखे काळे, मातीचा वास असलेले खत तयार होते.

काही जण म्हणतील, एवढ्याशा खताने शेत कसे पिकणार? नाहीच पिकणार. युरियात नत्र ४६ टक्के असते, गांडूळ खतात जेमतेम एक-दोन टक्के. बिघ्याचे गणित शेणखत, पाचट आणि हिरवळीच्या खतानेच सोडवावे लागेल. पण परसातल्या पापडीच्या वेलाला, मिरचीला, कढीपत्त्याला पेटीतले खत पुरते. माती भुसभुशीत होते आणि ओल धरून ठेवते. गांडुळे विकून श्रीमंत होण्याची स्वप्ने दाखवणारे कुणी भेटले, तर त्यांना दुरूनच नमस्कार करावा.

लूकच्या शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक झाड तोडायला निघतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालण्यासाठी. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करायला लावले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरून फेकण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले, ते याच धाग्याने. उरलेले वाया न घालवणे हा आपल्या श्रद्धेचाच भाग आहे.

पाऊस सरला की सुरतेची हवा या कामाला अनुकूल होते. बंधुभगिनींनो, यंदा दिवाळीनंतर प्रत्येक घरी एक पेटी लागावी. मुलांवर तिची राखण सोपवावी. नाताळपर्यंत पहिले खत हाती येण्याजोगे होईल, आणि परसातला उकिरडा तेव्हा आपोआप ओस पडलेला असेल.