२००५-०६ चे विजेतेपद आणि ‘मातीत नाही’ ही सबब

‘महाराष्ट्राच्या मातीत फुटबॉल नाही. व्यावसायिक फुटबॉल आपल्याकडे आला तो २०१४ साली, इंडियन सुपर लीगबरोबर.’ दर विश्वचषकाच्या वेळी हे विधान नव्याने फिरू लागते. ते अडाणी तर आहेच, शिवाय सोयीचेही आहे. या धाग्यात त्याविरुद्ध एकाच हंगामाची साक्ष काढतो.

राष्ट्रीय पातळीवरची नॅशनल फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली आणि ११ हंगाम चालली. त्यांपैकी ९ विजेतेपदे बंगाल आणि गोव्याच्या क्लबांनी वाटून घेतली. उरली दोन. १९९६-९७ चे पहिले विजेतेपद पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी मिल्सचे, आणि २००५-०६ चे मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे.

त्या हंगामात ईस्ट बंगाल दुसऱ्या आणि मोहन बागान तिसऱ्या स्थानी राहिले. प्रशिक्षक होते डेरिक परेरा. आघाडीला ब्राझीलचा बारेटो आणि घानाचा याकुबू. २००५ चा फेडरेशन चषकही याच संघाकडे होता. पुढे २००७ मध्ये संघाने एएफसी चषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली. ‘परदेशी खेळाडूंच्या जिवावर जिंकले’ असा आक्षेप कुणी घेतोच. हाच बारेटो आधी मोहन बागानकडे होता आणि नंतर तिकडेच परतला. तेव्हा बंगालच्या मातीवर कुणी शंका घेतली नाही.

मग हा विजेता गेला कुठे? २०१० मध्ये संघ बंद करण्यात आला. २०११ मध्ये जेसीटीही बंद झाला. म्हणजे बंगाल-गोव्याबाहेरचे दोन्ही विजेते वर्षभराच्या अंतराने संपले, आणि दोघांनाही मैदानावर कुणी संपवले नव्हते. दोन्ही कंपन्यांचे संघ होते. १९६२ पासून ४८ वर्षे संघ पोसणाऱ्या कंपनीला खलनायक ठरवणे मला मान्य नाही. मुद्दा रचनेचा आहे. १८८९ चा मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल हे सभासदांचे क्लब. त्यांचे प्रायोजक बदलले, गुंतवणूकदार भांडून गेले, क्लब मात्र उरला. आपल्याकडे विजेतेपद होते, सभासद नव्हते. संघ ताळेबंदातील एक नोंद होता, आणि नोंद खोडायला एक बैठक पुरते.

जे संस्थात्मक कारणाने घडले त्याला ‘संस्कृती’ हे कारण चिकटवणे ही इतिहासलेखनातील जुनी खोड आहे. तिच्यामुळे कुणालाच जाब द्यावा लागत नाही.

जालन्यात बसून मुंबईच्या संघाची वकिली कशाला, असे कुणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यात होते. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकली. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताला चौथ्या स्थानी नेणारे तेच. त्या पाचही वर्षी विजेता संघ जालनेकरांच्याच राज्याचा होता. आपल्या प्रादेशिक इतिहासात मुक्तिसंग्राम येतो, भाषावार प्रांतरचना येते. हे येत नाही. (तोही संघ खात्याचा, नगराचा नव्हे, हे ओघाने आलेच.)

आता २०१४ नंतरच्या ‘खऱ्या’ व्यावसायिकतेकडे पाहू. त्या वर्षी महाराष्ट्राला दोन संघ मिळाले, मुंबई आणि पुणे. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीचा कारभार आटोपला आणि लीगमधील ती जागा नव्या हैदराबाद एफसीकडे गेली. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलवला गेला. सहा वर्षांत एका जागेने तीन शहरे पाहिली. पुण्याची, हैदराबादची माती इतक्यात बदलली होती काय?