बंदी एका रसायनावर, प्रश्न साऱ्या कुळाचा

मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला आणि शिल्लक साठा संपविण्यासाठी वर्षभराची मुदत दिली. बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील माध्यान्ह भोजनात हेच विष मिसळले गेले आणि २३ मुले दगावली. त्यानंतर बंदीचा निर्णय व्हायला दहा वर्षे लागली. बंदी स्वागतार्ह असली तरी तिने मूळ प्रश्न सुटलेला नाही.

मोनोक्रोटोफॉस हे सेंद्रिय फॉस्फेट एस्टरांच्या मोठ्या कुळातील एक रसायन होय. या कुळाशिवाय आधुनिक उद्योगाचे पान हलत नाही. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडची अल्कोहोल किंवा फिनॉलशी अभिक्रिया घडवून यातील बहुतेक एस्टर बनविले जातात. ब्युटॅनॉल वापरले, की ट्रायब्युटिल फॉस्फेट मिळते. वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढण्यासाठी ट्रॉम्बे येथे १९६४ पासून त्याचाच आधार घेतला गेला. फिनॉलपासून बनणारे ट्रायफिनाइल फॉस्फेट प्लास्टिकला सहजी आग लागू देत नाही, तर ट्रायक्रेसिल फॉस्फेट विमानाच्या इंजिनातील वंगणात मिसळले जाते.

याच कुळातील काही रसायने मात्र थेट मज्जासंस्थेवर घाला घालतात. मज्जातंतूंतील संदेश वेळीच थांबविणाऱ्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला ती निकामी करतात. परिणामी लाळ व घाम वाहू लागतो, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, स्नायू थरथरतात आणि अखेर श्वास कोंडतो. कीटकनाशकांवर संशोधन करणाऱ्या गेरहार्ड श्रेडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती १९३६ मध्ये टॅबून हा विषारी वायू लागला, तो याच वाटेवर. कीड मारणारे औषध आणि माणसे मारणारे अस्त्र यांतील अंतर इतके थोडे आहे. म्हणूनच १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने खुद्द फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडवरही नजर ठेवली आहे.

विसंगती आहे ती येथेच. अणुप्रकल्पात हे कुळ जाड भिंतींआड, प्रशिक्षित हातांनी हाताळले जाते. कारखान्यातील कच्च्या मालावर आंतरराष्ट्रीय कराराची देखरेख असते. शेताच्या बांधावर मात्र सारी भिस्त बाटलीवरील बारीक अक्षरांवर आणि लाल त्रिकोणावर! २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पुरुषभर उंचीच्या कपाशीत, उकाड्यात, मुखवटा व हातमोज्यांविना ही माणसे फवारत होती. विषबाधेमागे एकच रसायन नव्हते. अनेक औषधे एकत्र करून मारली जात होती. त्यानंतर राज्य सरकारने विदर्भातील काही जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीला तात्पुरती मनाई केली.

एक नाव यादीतून गेले, की त्याच धाटणीचे दुसरे कीटकनाशक दुकानाच्या फळीवर त्याची जागा घेते. केंद्राने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस कुळातील इतर नावेही होती. २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती मोजक्याच औषधांवर.

उद्योगाला हे कुळ हवे आहे आणि ते राहणारच. मात्र जे नियम कारखान्यातील कामगाराला लागू आहेत, त्यांचा काही अंश तरी रोजंदारीवर फवारणाऱ्या मजुराच्या वाट्याला यायला हवा. संरक्षक साधनांविना विक्री नको, हंगामात फवारणाऱ्यांची रक्ततपासणी हवी, प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्सिमचा साठा हवा. यांपैकी कशासाठीही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. हे होत नाही तोवर विषाचे नाव बदलत राहील; बळी जाणारा मात्र तोच असेल.