एपॉक्सी रंगाची खाज नोंदवणार कोण?

बेळगाव : संध्याकाळी पेंट शॉपचं काम आटोपलं की कामगार हात धुतात ते आधी थिनरने. चिंधी थिनरात बुडवायची, कोपरापर्यंत हात पुसून काढायचे, मग साबण लावायचा आणि घर गाठायचं. उद्यमबाग असो, मच्छे किंवा होनगा असो, पलीकडे कोल्हापूरची शिरोली असो की गोव्यात बार्ज दुरुस्तीची यार्डं असोत, सवय बहुतेक ठिकाणी हीच. रंग निघतो, पण एपॉक्सीचं सगळ्यात मोठं नुकसान इथूनच सुरू होतं. थिनर त्वचेवरचं तेल ओढून घेतं, कातडी उघडी पडते आणि त्यात विरघळलेलं रेझिन आत शिरायला वाट मिळते.

हा विषय आता काढण्याचं कारण कायद्यातला बदल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखाना अधिनियम १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. वीज वापरणाऱ्या ठिकाणी पूर्वी १० कामगार असले की 'कारखाना' धरला जाई, आता २० लागतात. विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी हा आकडा २० वरून ४० झाला. सीमाभागातली बरीच जॉब वर्कची रंगकामं याच १० ते २० च्या दरम्यानच्या शेडमध्ये चालतात. त्यामुळे एपॉक्सीचा धोका आणि कायद्याची नवी रेघ यांची गाठ नेमकी इथेच पडते.

डब्यात नेमकं काय असतं?

एपॉक्सी दोन डब्यांत येतं. एकात बेस, म्हणजे रेझिन आणि रंगद्रव्य. दुसऱ्यात हार्डनर, तो बहुधा अमाइन किंवा पॉलिअमाइड जातीचा. दोन्ही एकत्र केले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत थर कडक होतो. पंप, हायड्रॉलिकचे भाग, कास्टिंग, पाण्याच्या टाक्या, कारखान्याची फरशी, बार्जचा तळ अशा ठिकाणी एपॉक्सीला तोड नाही. गंज धरत नाही, तेल-पाण्याला दाद देत नाही.

पण हे मिश्रण गनमधून उडायला पातळ लागतं. त्यासाठी झायलीन, टोल्यूइन, ब्यूटानॉल, मिथाइल आयसोब्यूटिल कीटोन अशी द्रावकं त्यात असतात, वरून थिनर पडतं ते वेगळंच. म्हणजे धोके दोन प्रकारचे. द्रावकं हवेतून फुप्फुसात आणि मेंदूपर्यंत जातात, शिवाय पेट घेतात. रेझिन आणि हार्डनर कातडीवर काम करतात. पहिल्याचा वास येतो म्हणून माणूस सावध होतो. दुसऱ्याचा तेवढा वास येत नाही, म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं.

हवेचा हिशेब

झायलीनसाठी कारखाना अधिनियमातली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने १०० पीपीएम, म्हणजे एका घनमीटर हवेत ४३५ मिलिग्रॅम. एक लिटर झायलीनचं वजन साधारण ८६० ग्रॅम भरतं. भागाकार केला तर एक लिटर झायलीनची वाफ या मर्यादेत ठेवायला जवळजवळ २,००० घनमीटर हवा लागते. २० बाय ३० फुटांची, १५ फूट उंचीची शेड धरली तर तिच्यात २५५ घनमीटर हवा मावते. म्हणजे अशा आठ शेडची हवा एका लिटरला पुरवावी लागेल.

प्रत्यक्षात होतं उलटं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून शटर ओढलं जातं, पंखा बंद केला जातो. पावसाळ्यात तर दारं उघडी ठेवायची सोयच नसते. मग दुपारनंतर डोकं जड होणं, मळमळणं, भोवळ येणं याला 'सवय नाही म्हणून' असं म्हटलं जातं. ही सवयीची बाब नाही, शेडमध्ये हवा कमी पडल्याची खूण आहे. थोड्या वेळाने वास जाणवेनासा होतो तोही हवा सुधारली म्हणून नव्हे, तर नाक थकतं म्हणून. शिवाय मोठ्या आवाजासोबत झायलीन, टोल्यूइनसारखी द्रावकं कानालाही बाधतात. ब्लास्टिंग किंवा ग्राइंडिंगच्या शेजारी रंगकाम चालत असेल तर हा दुहेरी मार बसतो.

टाकीच्या आतलं काम हा तर वेगळाच धोका. दहा हजार लिटरची टाकी म्हणजे दहा घनमीटर. तिच्यात अर्धा लिटर झायलीन उडालं आणि आतच राहिलं तर हवेतलं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास जातं. स्फोटाची खालची मर्यादाही तेवढीच. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते, आणि माणूसही तळाशीच बसून काम करतो. साधा बल्ब, मोबाइल किंवा लोखंडावर घासलेली खरवडणी यांतली एक ठिणगी पुरते. झायलीन साधारण २७ अंशांच्या पुढे पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, टोल्यूइन तर ४ अंशांनाच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काय परिस्थिती असेल ते वेगळं सांगायला नको.

खाजेला नाव आहे, नोंद नाही

एपॉक्सीचं खास दुखणं म्हणजे ॲलर्जी. काहींना काही आठवड्यांत होते, काहींना वर्षानुवर्षं काम केल्यावर. आधी बोटांच्या बेचक्यात, मनगटावर खाज येते, मग पुरळ, चट्टे, पाणी सुटणं. काहींच्या पापण्या आणि चेहरा सुजतो. शरीराने एकदा हा पदार्थ ओळखला की ती ओळख बहुधा जन्मभर राहते. मग थेंबभर रेझिनही त्रास द्यायला पुरतं. अशा कामगाराला बहुतेक वेळा हे काम सोडण्यावाचून इलाज उरत नाही.

गावात मात्र याला 'नायटा' किंवा 'उष्णता' म्हणतात. मेडिकलमधून मलम आणलं जातं, त्यात स्टेरॉइड असलं तर दोन दिवस बरं वाटतं, आणि सोमवारी पुन्हा तेच. सुट्टीत खाज कमी आणि कामावर जास्त, ही साधी खूण डॉक्टरला सांगायला हवी. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टने नेमकं कारण शोधू शकतात, त्यांच्या नेहमीच्या चाचणी संचात एपॉक्सी रेझिन असतं.

इथेच कायद्याचा एक दुर्लक्षित भाग कामाला येतो. रसायनं आणि रंगांच्या थेट संपर्कातून होणारा त्वचादाह हा अधिसूचित व्यावसायिक आजार आहे. जुन्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता, नव्या संहितेतही आहे. असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. पण डॉक्टर 'काम काय करता?' हे विचारतच नाहीत आणि कामगार रंगाचं नाव सांगत नाही. आजार नोंदवला जात नाही, त्यामुळे तो आहे असं कुणाला दिसतही नाही.

नव्या संहितेत काय मिळालं, काय निसटलं

मिळालेल्या गोष्टी कमी नाहीत. नियुक्तिपत्र सक्तीचं झालं. धोकादायक कामात एकच कामगार असला तरी ईएसआयची तरतूद आली. धोकादायक कामाच्या ठिकाणी कामगारसंख्येची अट शिथिल करण्याचा अधिकारही सरकारकडे आहे.

पण बारा माणसांची एपॉक्सी फवारणारी शेड 'धोकादायक' धरायची की नाही, हे अधिसूचना आणि राज्यांचे नियम ठरवणार. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांचे नियम वेगवेगळे. सीमाभागातला पेंटर मात्र सोमवारी उद्यमबागेत, महिन्याने कागलला आणि त्यानंतर वास्कोला असतो. रंग तोच, हात तेच, नियमांचं पुस्तक मात्र तीन राज्यांचं. संक्रमणकाळात जुने नियम चालू राहतील असं केंद्राने स्पष्ट केलं आहे, तरी लहान शेडपर्यंत ते पोचवणार कोण हा प्रश्न उरतोच.

दुसरी निसटलेली बाब वयाची. मोफत वार्षिक आरोग्य तपासणीचा गाजावाजा झाला तो ४० वर्षांवरील कामगारांसाठी. एपॉक्सीची ॲलर्जी तर विशीतल्या हेल्परलाही होते. तो चाळिशीला पोचेपर्यंत हे काम त्याच्या हातातून गेलेलं असू शकतं.

डब्यावरची भाषा

सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की फलकांवरून वाद आठवतात. पेंट शॉपमध्ये तोच प्रश्न जिवाशी येतो. डब्यासोबतचं सुरक्षा माहितीपत्रक १६ भागांचं आणि बहुधा इंग्रजीत असतं. शेडमध्ये कुणी मराठी बोलतो, कुणी कन्नड, उत्तरेतून आलेला हिंदी. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, असं जुन्या अधिनियमातच लिहिलं होतं. इथे ती भाषा राज्याची नाही, शेडमधल्या माणसांची धरलेली आहे. मराठी आणि कन्नड अशा दोन ओळी शेजारी लावल्या तर कुणाचंच काही बिघडत नाही.

सगळं पत्रक वाचायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-मास्क. 'एच ३१७' दिसलं तर त्वचेची ॲलर्जी, 'एच २२५' किंवा 'एच २२६' दिसलं तर पेट घेणारा द्रव, एवढं समजलं तरी पुष्कळ.

शेडमध्ये आजपासून काय करता येईल

* हात थिनरने धुऊ नयेत. साबण-पाणी किंवा हात साफ करायची पेस्ट वापरावी. रंग लागलेले कपडे लगेच बदलावेत.
* कापडी हातमोजे रंग शोषून कातडीला चिकटवून ठेवतात. नायट्राइलचे घ्यावेत. पातळ असतील तर रंग सांडताच बदलावेत, कारण द्रावक त्यांतून लवकर झिरपतं.
* तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज आणि फवाऱ्यासाठी फिल्टर असलेला मास्क हवा. कार्ट्रिज भरतं, ते वेळेवर बदलावं लागतं.
* टाकीत कार्ट्रिजचा मास्क चालत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क, स्फोट-प्रतिबंधक दिवा, सतत हवा खेळती ठेवणारा पंखा आणि बाहेर उभा माणूस हवाच. आत कुणी कोसळला तर तसंच आत उतरू नये. वाचवायला गेलेलाही असाच दगावतो.
* उरलेलं मिश्रण मोठ्या डब्यात साठवू नये. ते आपोआप तापतं, धूर सोडतं.
* डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवावं आणि डॉक्टर गाठावा.
* पुरता न वाळलेला थर घासू नये. त्याची धूळही ॲलर्जी आणते.

गूळ खाल्ल्याने किंवा दूध प्यायल्याने द्रावक अंगातून निघत नाही. गूळ जरूर खावा, पण मास्कऐवजी नव्हे. काही ठिकाणी 'सॉल्व्हंट-फ्री' एपॉक्सी आलं म्हणून मास्कबरोबर हातमोजेही सुटले आहेत. हा उलटा न्याय झाला. त्यात वाफ कमी असते, पण पातळ रेझिनचे रेणू लहान असल्याने ॲलर्जी आणण्याची ताकद उलट जास्त असते.

शेवटी प्रश्न दराचा

शेड मालकही कोंडीत असतो. काम किलोवर किंवा चौरस फुटावर मिळतं, दर मोठी कंपनी ठरवते. त्या दरात ब्लास्टिंग असतं, रंग असतो, मजुरी असते, कार्ट्रिज आणि एक्झॉस्ट नसतो. ज्याने दर वाढवून मागितला त्याचं काम शेजारच्या शेडला जातं. त्यामुळे एकट्या मालकाला दोष देऊन भागणार नाही. उद्योजकांच्या संघटनांनी जॉब वर्कच्या कोटेशनमध्ये सुरक्षा खर्चाची वेगळी ओळ टाकण्याचा आग्रह धरला आणि मोठ्या कंपन्यांनी ती मान्य केली, तरच हा खर्च सर्वांना सारखा पडेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पेंटरच्या व्यवसायालाच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. म्हणजे 'थोडी खाज, थोडं डोकं दुखणं' एवढ्यावर हा विषय संपत नाही. तीन राज्यांचे नियम एका रात्रीत एक होणार नाहीत. पण दवाखान्यात गेलेल्या कामगाराने डब्यावरच्या लेबलचा फोटो दाखवावा, आणि डॉक्टरने तो पाहून आजाराची नोंद करावी, याला कुठल्याच राज्याची हद्द आड येत नाही.