‘ब्रेक’ कुठे लिहावा?

घाऊक पेढीवरील मुनीम दिवसभराच्या चिठ्ठ्या हाती घेतो आणि प्रत्येकीवर नजर टाकून ती रोख, धनादेश, यूपीआय वा उधारीच्या कप्प्यात ठेवतो. जी कशातच बसत नाही ती बाजूला राहते व संध्याकाळी शेठजींना दाखवली जाते. ‘सी’ भाषा नव्याने शिकणाऱ्या मुलापुढे येणारे ‘स्विच’ हे विधान नेमके हेच काम करते. कप्प्यांना तिथे ‘केस’ म्हणतात आणि बाजूला ठेवलेल्या चिठ्ठीसाठी ‘डिफॉल्ट’ असते.

मात्र मुनीम चिठ्ठी ठेवून थांबतो, स्विच आपणहून थांबत नाही. जुळलेल्या केसपासून खालच्या केसमधील विधानेही तो ‘ब्रेक’ हा शब्द येईपर्यंत एकामागून एक पार पाडतो. रोखीच्या केसअखेर ब्रेक राहून गेला, तर तीच रक्कम धनादेशाच्या खात्यातही जमा होते. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. बेरीज तेवढी जुळत नाही.

ब्रेक विसरणे जितके महाग, तितकेच तो भलत्या जागी लिहिणेही. 15 जानेवारी 1990 रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे दूर पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास कोलमडले. 114 स्विचिंग केंद्रांच्या नव्या प्रोग्रॅममध्ये स्विचच्या एका केसच्या आत ‘इफ’ होते आणि त्यात एक ब्रेक होता. ब्रेकला ‘इफ’ची ओळख नसते, त्याने थेट स्विचबाहेर नेले आणि मधले आवश्यक काम राहून गेले. एक केंद्र बंद पडून पुन्हा सुरू झाले की त्याच्या संदेशांनी शेजारची केंद्रे बंद पडत. सुमारे निम्मे कॉल लागलेच नाहीत. विशेष म्हणजे सी भाषा जन्मली ती याच कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत, डेनिस रिची यांच्या हातून.

दुसरी अडचण पेढीवाल्यांच्या अधिक परिचयाची आहे. दहा हजारांवरील खरेदीस 5 टक्के व पन्नास हजारांवरील खरेदीस 10 टक्के सूट द्यायची असेल, तर सीचा स्विच कामाचा नाही. त्याच्या केसमध्ये ठरावीक पूर्णांक किंवा एखादे अक्षर चालते, ‘अमुकपेक्षा जास्त’ चालत नाही. तिथे ‘इफ–एल्स इफ’ची शिडी लागते, आणि तीत मोठी रक्कम आधी तपासावी लागते. दहा हजारांचा प्रश्न प्रथम विचारला, तर साठ हजारांच्या गिऱ्हाइकाची 5 टक्क्यांवरच बोळवण होते. (गिऱ्हाईक ते दुसऱ्याच दिवशी सांगायला येते, हा भाग वेगळा.)

‘पायथन’मध्ये 2021 पर्यंत असे विधानच नव्हते. त्या वर्षीच्या 3.10 आवृत्तीत ‘मॅच’ आले. त्यात ब्रेक लिहावा लागत नाही. जुळलेली केस संपली की काम संपते. पण तिथेही सर्वांत शेवटी ‘बाकी सारे’ सामावणारी केस लिहिली नाही, तर अनोळखी चिठ्ठी कोणत्याच कप्प्यात न जाता मुकाट्याने गळून जाते.