पाणी गाळतो आपण, पण सोडतो कुठे?



माहेरचं गाव बदललं, असं आपण बायका नेहमीच म्हणतो. कौलं गेली, स्लॅब आले, विहिरी बुजल्या. भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेकाठचं माझं गाव मात्र जागेवरूनच उठलं. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. पुढे पाणी चढत गेलं आणि काठची गावं उंचावरच्या नव्या गावठाणांत गेली. दिवाळीनंतर जाऊन आले. सरळ रस्ते आहेत, दारात नळ आहे. धरण झालंच नको होतं, असं मी म्हणणार नाही. कालव्याच्या पाण्याने कितीतरी धानाच्या बांध्या वाचतात.

जीव तुटला तो नदीकडे पाहून. पाणी काळपट, काठाला वास, वर जलपर्णीचा हिरवा थर. हे पाणी येतं कुठून? नागपूरचं सांडपाणी नाग नदीत जातं, नाग कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेत येते. धरण नव्हतं तेव्हा ते वाहून जायचं, आता तिथेच तुंबतं. आंभोऱ्याच्या नव्या पुलावर फोटो काढायला आपल्यातल्या कितीतरी जणी जातात. पुलाखालच्या पाण्यात आपल्याच मोऱ्यांचं पाणी आहे, हे ध्यानात येत नाही.

आता आपल्या धर्माचं पाहू. माझी आजी दुहेरी कपड्याने पाणी गाळायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, हे तिला घड्याळ न बघता कळायचं. पण तिचं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. कपड्यावर उरलेली जिवाणी ती मोरीत टाकत नसे. बुडाला कडी असलेल्या छोट्या बादलीतून ती त्याच विहिरीत, अगदी पाण्याला टेकवून अलगद सोडायची. वरून ओतलं तर जीव दगावतील, म्हणून. ज्या पाण्यातून जीव आले त्याच पाण्यात ते सुखरूप पोचले, तरच गाळणं पूर्ण झालं.

आपण यातला पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा सोडून दिला. नळाला गाळणी बांधली, आरओ बसवला, की आपलं पाणी शुद्ध. मोरीतून गेलं ते कुणाचं? मुनी-आर्यिकांच्या पाच समितींत शेवटची उत्सर्ग समिती आहे: टाकायचं ते निर्जंतुक जागा पाहून, जपून टाकायचं. श्रावकांसाठी अनर्थदंडव्रत आहे, त्यात विनाकारण पाणी सांडणंही दोष मानलंय. म्हणजे घेण्याइतकाच विचार टाकण्याचाही सांगितला आहे. मैल्याने पाण्यातला प्राणवायू संपतो आणि जलचर गुदमरतात. एका थेंबातल्या जीवांची काळजी करणाऱ्या समाजाने अख्ख्या नदीतल्या जीवांकडे पाठ कशी फिरवायची?

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या शहरात आपल्या एका घराने काय होणार? एका घराने नदी शुद्ध होत नाही, खरं आहे. पण रात्रीभोजन सोडताना आपण शेजारी काय करतो हे कुठे बघतो? व्रत आपलं असतं.

तेव्हा एवढं करूया. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. कपडे धुण्याची पावडर मापात घ्यायची. भांड्यांतलं खरकटं आधी पुसून घ्यायचं. पर्वातल्या सामूहिक भोजनानंतर धुण्याचं पाणी कुठे जातं, हे मंदिर कमिटीला विचारायचं. सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाचं यंत्र असेल तर ते खरंच चालू आहे का, हे बैठकीत विचारायचं. आणि मत मागायला येणाऱ्या नगरसेवकाला पहिला प्रश्न सांडपाण्याचा करायचा, कारण मोठं काम महापालिकेचंच आहे.

दशलक्षणात उपवास मोजतो, तसा यंदा एक नियम याचाही घ्या. खाली नदीकाठी कुणाचं ना कुणाचं माहेर आहे.